वहिनींच्या खापरपणजोबांचा बाप्तिस्मा

डब्लिन,
रविवार

प्रिय विनायक,

तुझं पत्र वाचून आधी मनसोक्त हसलो. सिंथियावहिनींच्या माहेरी काय ठाऊक, तर खापरपणजोबा मर्फी, गाव आयर्लंडमधलं कॉर्क, राणीच्या फौजेत शिपाई, आणि पेन्शन घेतल्यावर खडकीतच राहिले. एवढ्या भांडवलावर मी इथल्या चर्चमधून त्यांच्या बाप्तिस्म्याची नोंद काढून द्यायची! अरे, मर्फी हे आयर्लंडमधलं सर्वांत जास्त सापडणारं आडनाव आणि कॉर्क ही सर्वांत मोठी काउंटी. ‘पाटील, महाराष्ट्र’ एवढ्या पत्त्यावर मनीऑर्डर पाठवण्यातलाच हा प्रकार. तरीही काम होण्यासारखं आहे, फक्त सुरुवात इथून नाही, तुमच्याकडून करावी लागेल.

तू लिहिलंयस, ‘तिथलं सगळं १९२२ मध्ये जळालं ना?’ जळालं खरं, पण सगळं नाही, आणि जे वाचलं ते का वाचलं हे ऐकण्यासारखं आहे. १९२२ साली यादवी सुरू झाली तेव्हा ब्रिटनशी झालेल्या तहाच्या विरोधकांनी इथलं फोर कोर्ट्स, म्हणजे न्यायालयांची इमारत, ताब्यात घेतलं होतं. त्याच आवारात सरकारी दफ्तरखाना होता. तोफा सुरू झाल्या, ३० जूनला प्रचंड स्फोट झाला आणि शतकानुशतकांचे कागद राख होऊन शहरावर उडाले. १८२१ ते १८५१ या चार जनगणनांचे तक्ते जवळजवळ पूर्ण गेले. (१८६१ आणि १८७१ चे सरकारनेच आधी नष्ट केले होते, १८८१ आणि १८९१ चे पहिल्या महायुद्धात कागदटंचाईपायी लगद्याला गेले. सगळा दोष आगीला देऊन चालणार नाही.)

त्या आगीत चर्च ऑफ आयर्लंडच्या, म्हणजे प्रॉटेस्टंटांच्या, सुमारे एक हजार पॅरिशांच्या (पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला इलाखा) बाप्तिस्मे, लग्नं, दफनं नोंदलेल्या वह्या गेल्या. हे चर्च पूर्वी राज्याचं अधिकृत चर्च. १८७१ पासून तो दर्जा गेला आणि त्याआधीच्या वह्या कायद्याने सरकारी दस्तऐवज ठरल्या. ज्या धर्मगुरूंकडे त्या नीट ठेवायची सोय होती त्यांच्याकडे त्या राहिल्या, बाकीच्या सुरक्षित ठेवायच्या म्हणून डब्लिनला आणल्या. कॅथलिक चर्चला मात्र सरकारने कधी आपलं मानलंच नाही, त्यामुळे त्यांच्या वह्या मागायलाही कोणी आलं नाही. गावोगावच्या फादरच्या घरात, ओलसर कपाटात पडून राहिल्या आणि वाचल्या. वहिनींचे मर्फी कॅथलिक असणार, म्हणून म्हणतो, आशा आहे.

या वह्यांचं नॅशनल लायब्ररीने १९५० च्या दशकापासून मायक्रोफिल्मिंग केलं. पण फिल्म झाली म्हणजे वाट मोकळी झाली असं नाही. काही धर्मप्रांतांतल्या वह्या पाहायच्या तर तिथल्या बिशपांची लेखी परवानगी लागे. जुलै २०१५ मध्ये लायब्ररीने हजारावर पॅरिशांची ३,७०,००० हून अधिक पानं इंटरनेटवर चढवली, फुकट. साधारण १८८० पर्यंतची. तिथे नाव घालून शोधता येत नाही. नकाशावर पॅरिश निवडायचं, साल-महिना निवडायचा आणि पान वाचायचं. नावांची सूची पुढच्या वर्षी वंशावळीच्या दोन खासगी कंपन्यांनी केली, ती अक्षर लावण्यातल्या चुकांसकट.

मी नमुन्याला म्हणून वेस्ट कॉर्कमधल्या स्किबरीनची पानं उघडली. शाई पुसट, काही ठिकाणी डाग, अक्षर घाईचं. मुलाचं नाव, बापाचं, आईचं माहेरच्या आडनावासकट (हे फार मोलाचं), मग धर्मपिता आणि धर्ममाता (बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाची जबाबदारी घेणारे), आणि फादरला वाटलं तर वस्तीचं नाव. बस. मग १८४७ कडे आलो. बटाट्यावरच्या रोगाने पडलेला दुष्काळ तेव्हा भरात होता आणि स्किबरीन त्यात सर्वांत होरपळलेल्या भागांपैकी. गावाबाहेरच्या अ‍ॅबीस्ट्रूरीच्या दफनभूमीत आठ ते दहा हजार माणसं सामुदायिक खड्ड्यांत आहेत. त्यांची नावं कुठेच नाहीत. कॅथलिक वह्यांत दफनाची नोंद बहुधा नसतेच, बाप्तिस्मे आणि लग्नं तेवढी. त्यामुळे एखादं कुटुंब मेलं की अमेरिकेला गेलं हे वही सांगत नाही, दर दोन वर्षांनी बाप्तिस्म्याला येणारं जोडपं यायचं थांबतं एवढंच दिसतं. त्या दिवशी पुढे काही वाचलं नाही.

आता कामाचं. इथे आडनावावर जाऊन उपयोग नाही, पॅरिश कळलं पाहिजे. आणि ते सांगेल पलटण. पेन्शनवर सुटलेल्या शिपायाच्या डिस्चार्जच्या कागदावर जन्माचं पॅरिश, जवळचं गाव, काउंटी, भरतीच्या वेळचं वय आणि धंदा असा छापील मजकूर भरलेला असतो. हे कागद लंडनजवळ क्यूच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये आहेत. १८८३ च्या आधी सुटलेल्यांत बहुतेक पेन्शनवाल्यांचेच कागद उरलेत, तेव्हा ते खडकीत पेन्शन खात बसले हे आपलं नशीबच! मात्र त्यासाठी पलटणीचं नाव हवं, आणि ते त्यांच्या लग्नाच्या नोंदीत मिळेल. खडकीच्या सेंट इग्नेशियसमध्ये आधी विचार. तिथे नसेल तर एम्प्रेस गार्डनजवळच्या सेंट पॅट्रिकमध्ये. ते आयरिश शिपायांसाठीच उभं राहिलं होतं. तिथेही नाही मिळालं तरी मुंबई इलाख्यातल्या चर्चच्या नोंदींच्या नकला विलायतेला जात, त्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत.

एक सावधगिरी. ‘फर्मॉय’ असं कुठे दिसलं तर लगेच नाचू नका. कॉर्कमधल्या फर्मॉयला मोठी छावणी होती, चहूकडची पोरं तिथे येऊन भरती होत. भरतीचं ठिकाण आणि जन्मठिकाण एकच असेल असं नाही. शिवाय कॉर्कचे चर्चच्या हिशेबात तुकडे आहेत. दक्षिण आणि पश्चिमेकडचं पॅरिश निघालं तर मजा आहे, तिथल्या वह्यांची नावानिशी सूची सरकारच्याच वंशावळीच्या साइटवर फुकट आहे. उत्तरेकडचं किंवा पूर्वेकडचं, म्हणजे क्लॉइन धर्मप्रांतातलं निघालं, तर पानं चाळत बसावं लागेल. बसेन. पैसे भरायच्या साइटही आहेत, पण पॅरिश हाती येईपर्यंत त्यांना एक पै देऊ नका. आणि इंटरनेटवर लोकांनी रचलेल्या आयत्या वंशावळी तर पाहूही नका. एकाने चूक करायची आणि बाकीच्यांनी ती भक्तिभावाने उतरवून घ्यायची, असा तो कारभार आहे.

वयावरही विसंबू नका. भरतीसाठी वाढवून सांगत, आणि कित्येकांना आपलं वय नक्की माहीतच नसे. मी पाच वर्षं मागे, पाच वर्षं पुढे बघणार. नावाचंही तसंच. कॉर्ककडे जेरेमाया आणि डार्बी एकच माणूस असू शकतो, होनोरा आणि नोरा तर असतातच. फादरने लॅटिनमध्ये लिहिलं असेल तर जेम्सचा जाकोबुस झालेला असतो. खरा आधार धर्मपिता-धर्ममातांचा. ते बहुधा काका, मावशी, आत्या असे घरचेच, त्यामुळे दोन मर्फींतला आपला कोणता हे त्यांच्यावरून ठरवता येतं. वहिनी हे तुझ्यापेक्षा लवकर समजतील.

आणखी एक वाट आहे, मला ती फार आवडते. १९०९ पासून इथे सत्तरी ओलांडलेल्यांना पेन्शन मिळू लागलं. पण जन्मनोंदणी सुरू झाली १८६४ मध्ये, मग म्हाताऱ्यांनी वय सिद्ध कसं करायचं? तेव्हा १८४१ किंवा १८५१ च्या जनगणनेत आमचं घर शोधा, असा अर्ज ते दफ्तरखान्यात करत. आईबापांची नावं आणि वस्तीचं नाव अर्जात द्यावं लागे. पुढे जनगणना जळाली, अर्ज राहिले, आणि आता ते घरबसल्या पाहता येतात. खापरपणजोबांचा एखादा भाऊ किंवा बहीण मागे राहून सत्तरी गाठली असेल, तर त्या घराचा तपशील तिथे मिळेलही.

तेव्हा लग्नाचा उतारा काढाल तेव्हा फोटोच पाठव. पलटण, हुद्दा, बापाचं नाव असेल तर ते, आणि साक्षीदारांची नावं नक्की दिसली पाहिजेत, साक्षीदार बरेचदा त्याच पलटणीतले असतात. फादरना भेटायला रविवारच्या मिसेनंतर लगेच जाऊ नकोस, तेव्हा त्यांना शंभर कामं असतात. आणि तू एकटा तर मुळीच जाऊ नकोस, वहिनींना पुढे कर. तुझं ते चौकशी आयोगासारखं बोलणं ऐकून कोणी कपाट उघडणार नाही.

तुझा,
श्रीकांत