रॉकेटचं मॉडेल बनवाच, पण कापून आतलंही दाखवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजार भागातली काही इंजिनिअरिंगची पोरं मिळून दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने शहरांवर सोडलेल्या व्ही-२ रॉकेटचं मोठं मॉडेल करतायत. एकास चार मापाचं, म्हणजे खरं रॉकेट १४ मीटर उंच तर हे साडेतीन मीटर. मी आयुष्यभर पत्र्याचं आणि लेथचं काम केलं म्हणून पोरं अधूनमधून विचारायला येतात, आणि त्यावरून आमच्याकडे दोन तट पडलेत. काही जण म्हणतात हिटलरचं हत्यार कशाला, त्यापेक्षा चांद्रयान करा. बाकीचे म्हणतात करा पण झकास काळं-पांढरं रंगवून करा, पब्लिक फोटो काढेल. मला दोन्ही पटत नाही म्हणून हे पत्र. मॉडेल बनवाच, पण एका बाजूने उभं कापलेलं बनवा, आतलं सगळं दिसू दे, आणि ते कोणी आणि कुठे बनवलं हेही तिथल्या तिथेच दिसू दे.

आधी आकाराबद्दल, कारण बहुतेक मॉडेलं तिथेच फसतात. लोक पीव्हीसी पाइप घेतात, वर कोन बसवतात, खाली चार पंख चिकटवतात आणि झालं म्हणतात. व्ही-२ सरळ पाइपसारखं जवळपास कुठेच नाही, टोकापासून पोटापर्यंत फुगत जातं आणि मग शेपटीकडे परत निमुळतं होत जातं. पोटाशी व्यास १.६५ मीटर, म्हणजे आपल्या मापात साधारण ४१ सेंटीमीटर, आणि पंखांच्या टोकापासून टोकापर्यंत ३.५६ मीटर, म्हणजे आपलं ८९ सेंटीमीटर. त्यामुळे प्लायवूडच्या रिंगा कापून, त्यांना उभ्या पट्ट्यांनी जोडून सांगाडा करायचा आणि वरून पत्रा चढवायचा हाच मार्ग आहे, खरं रॉकेटही तसंच बनायचं, आत रिंगा आणि पट्ट्या आणि वरून स्टीलचा पत्रा. आता पत्रा एका दिशेला वाकतो, दोन दिशांना एकदम वाकत नाही, म्हणून कलिंगडाच्या फोडींसारख्या लांब पट्ट्या कापून शेजारी शेजारी बसवाव्या लागतात, मग पुट्टी, घासकाम, प्रायमर. नाकाचा तुकडा लाकडात लेथवर काढलेला उत्तम. पोरं हे सगळं मन लावून करतायत, टेम्प्लेट लावून प्रत्येक रिंग तपासतात, मला त्यांचं फार कौतुक वाटतं.

रंगाचं म्हणाल तर ते काळे-पांढरे चौकोन सगळ्यांना आवडतात, पण ते पेनेम्युंडेच्या, म्हणजे जर्मनीच्या रॉकेट-केंद्रावरच्या, चाचण्यांमधले आहेत. रॉकेट वर जाताना स्वतःभोवती फिरतंय का ते कॅमेऱ्यात कळावं म्हणून तसा रंग द्यायचे. ३ ऑक्टोबर १९४२ला जे पहिलं यशस्वी उड्डाण झालं, ८४ किलोमीटरच्या वर गेलं, ते या चाचण्यांमधलंच. १९४४च्या सप्टेंबरपासून शहरांवर जी सोडली ती मळकट हिरव्या नाहीतर झाडीत लपून जाईल अशा लष्करी रंगात होती. आपण शस्त्राचं मॉडेल करतोय ना, मग शस्त्राचा रंग द्या.

आता आतलं. बघण्यासारखं खरं आतच आहे! टोकाला जवळपास एक टन स्फोटक. त्याच्या खाली दिशा राखणारे जायरोस्कोप आणि कंट्रोलची खोली, मग अल्कोहोलची टाकी, त्याच्या खाली लिक्विड ऑक्सिजनची टाकी, उणे १८३ डिग्रीची, आणि अल्कोहोलचा पाइप त्या थंडगार टाकीच्या मधून खाली येतो. टाक्यांभोवती ग्लासवूल भरलेलं. त्याखाली पंप, आणि पंप फिरवायला हायड्रोजन पेरॉक्साइडवर परमँगनेट सोडून वाफ करायची, त्या वाफेने टर्बाइन फिरायची. मिनिटभरात साडेआठ टनाच्या आसपास इंधन जळायचं, सांगा हे हवेच्या दाबाने ढकलून भागलं असतं का, म्हणून पंप लागला. खाली दहनकक्ष, त्याच्या डोक्यावर १८ बर्नर, आणि भिंत वितळू नये म्हणून तेच अल्कोहोल आधी दुहेरी भिंतीतून फिरवून मग जाळायचं. जोर २५ टनाचा. ज्वाळेत ग्राफाइटची चार पाती, वळवायला, कारण सुरवातीला वेग इतका कमी असतो की बाहेरच्या पंखांना हवा पकडतच नाही. यातली प्रत्येक गोष्ट आठवी-नववीच्या पोराला बोट ठेवून समजावता येते, पण बाहेरून बंद ठेवलेल्या मॉडेलवर यातलं काय समजावणार? कापलेल्या कडा लाल रंगवायची जुनी पद्धत आहे, तीच वापरा, म्हणजे कुठे कापलंय ते लगेच कळतं.

चांद्रयान करा म्हणणाऱ्यांनाही हेच सांगायचंय. १४ जुलै २०२३ला चांद्रयान-३ ज्या रॉकेटने नेलं त्याच्याही लिक्विड इंजिनात टर्बाइनने फिरणारा पंपच आहे. व्ही-२ बनवणाऱ्या टीमचा प्रमुख फॉन ब्राउन आणि त्याची टीम युद्धानंतर अमेरिकेत गेली, पुढे माणसाला चंद्रावर नेणारं सॅटर्न-५ रॉकेट त्यांच्याच हाताखाली झालं, आणि रशियानेही व्ही-२ची नक्कल करून सुरवात केली. चांद्रयानाचा अभिमान मलाही आहे पण ही विद्या कुठून आली ते मुलांपासून लपवून काय साधणार.

आणि ती कुठून आली हे सांगायचं तर डोरा नावाच्या छळछावणीबद्दल सांगावंच लागेल. १९४३च्या ऑगस्टमधे ब्रिटिशांनी पेनेम्युंडेवर बॉम्ब टाकले तेव्हा कारखाना नॉर्डहाउजनजवळच्या डोंगरातल्या बोगद्यांत नेला, आणि काम कोणाकडून तर या छावणीतल्या कैद्यांकडून. रशियन, पोलिश, फ्रेंच असे. पहिले कित्येक महिने ती माणसं त्याच बोगद्यात झोपायची, धुळीत, पुरेसं पाणी नाही, संडास म्हणजे अर्धे कापलेले ड्रम. एकूण साठेक हजार माणसं त्या छावणीतून गेली आणि वीस हजारांच्या आसपास मेली. मुद्दाम खराब काम केलं अशा संशयावरून बोगद्यातल्या क्रेनला टांगून फाशी दिली, इतरांच्या समोर. हे रॉकेट अंगावर पडून जेवढी माणसं मेली त्याहून जास्त ते बनवताना मेली. अंगावर पडून मेली तीही कमी नाहीत, लंडनच्या न्यू क्रॉसमधे २५ नोव्हेंबर १९४४ला भर दुपारी दुकानावर पडलं तर १६८, अँटवर्पला १६ डिसेंबरला सिनेमा थिएटरवर पडलं तर ५६७. आवाजापेक्षा वेगात यायचं त्यामुळे भोंगा वाजवायलाही वेळ नाही, आधी स्फोट आणि मग येण्याचा आवाज.

म्हणून माझी सूचना आहे. मोठ्या मॉडेलजवळ मापाचा अंदाज यावा म्हणून एक माणूस उभा करतातच. एकास चार मापात तो साधारण ४२ सेंटीमीटरचा होईल. पोरांनी तिथे टोपीवाला जर्मन अधिकारी ठरवला होता. तो नको. पट्ट्यापट्ट्यांच्या कपड्यातला कैदी उभा करा, हातात पाना असलेला, त्या १८ बर्नरांच्या शेजारी, म्हणजे इंजिन बघायला जो वाकेल त्याला तो दिसेलच. आमच्यात काही जण म्हणाले लहान मुलं येणार, त्यांना हे दाखवू नये. मला वाटतं मुलांना एक टन स्फोटक दाखवतो तर हेही दाखवायला हवं. बाजूला फक्त पाटी लावली तर ती कोणी वाचत नाही, हा माझा प्रदर्शनांमधला अनुभव आहे.

एक गोष्ट पालकांसाठी, कारण काळजीने विचारणारे खूप भेटतात: हे मॉडेल उडवायचं नाहीये, आत स्फोटाची दारू नाही, इंधन नाही, लाकूड-पत्रा-रंग एवढंच.

आता अडचण जागेची आहे. सयाजीराव महाराजांनी १८९०मधे कलाभवन काढलं ते हाताने काम करून शिकायला, त्याच गावात या पोरांना एक छत मिळू नये हे मला बरं वाटत नाही. सध्या सांगाडा तीन तुकड्यांत एका वाड्याच्या बोळात प्लास्टिकखाली ठेवलाय, पावसात प्लाय फुगेल. कमाटीबागेत तारांगणाच्या आवारात किंवा तांत्रिक शिक्षण देणाऱ्या एखाद्या संस्थेच्या वर्कशॉपमधे निदान साडेचार मीटर उंचीची बंदिस्त जागा मिळाली तर जोडणी तिथेच करता येईल. मकरपुरा जीआयडीसीत कोणाची शेड रिकामी असेल तरी चालेल, पण शटर उंच हवं आणि थ्री-फेज लाइन हवी, वेल्डिंगसाठी. ज्यांना शक्य असेल त्यांनी आपल्या वर्तमानपत्राच्या कार्यालयात निरोप ठेवावा, पोरं येऊन जागा बघून जातील.

आपला,
एक नियमित वाचक
दांडिया बाजार, बडोदे