पुराच्या गाड्यांना ट्रॅक हवेत, पण काँक्रीटवर नकोत

मा. संपादक, सनविवि.

पावसाळा तोंडावर आला की पाण्यात पण आणि चिखलात पण चालणाऱ्या सहा-आठ चाकी ॲम्फिबियस गाड्या पालिकांनी घ्याव्यात ही चर्चा आपल्याकडे हमखास सुरू होते. घ्याव्यातच. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणीजवळ पुरात अडकली, हजारभर माणसं बोटींनी काढावी लागली, तसल्या शेतातल्या चिखलपाण्यात अशी गाडी खूप कामाची. माझं म्हणणं फक्त तिच्या ट्रॅकबद्दल आहे, म्हणजे टायरवरून चढवतात ते रबरी पट्टे.

रबाळे एमआयडीसीत चेन-स्प्रॉकेट (म्हणजे चेन फिरवणारी दातेरी चाकं), गिअरबॉक्सची कामं करतो मी. खाडीत सर्व्हे करणाऱ्या एका पार्टीची आठ चाकी आमच्याकडे आली होती, गाडी ओढतच नाही म्हणून. उघडली तर स्प्रॉकेटचे दात एका बाजूला हुकासारखे वाकलेले, चेन लांबून लोंबकळतेय आणि बेअरिंगमधल्या ग्रीसचा पार दुधाळ चहा झालेला, म्हणजे खारं पाणी आत गेलेलं. विचारलं तर कळलं की चिखलात कमी आणि जेट्टीच्या काँक्रीट रोडवरच जास्त फिरवलीय, ट्रॅक लावूनच, कारण काढायचा कंटाळा.

आता असं का होतं तर ह्या गाड्यांना कारसारखी वळणारी पुढची चाकं नसतात. एका बाजूची चाकं धरायची आणि दुसऱ्या बाजूची पळवायची, मग गाडी घासत वळते. नुसते टायर असले तर ते घसरून घेतात, पण ट्रॅक लावला की अख्खा पट्टा जमिनीला चिकटलेला असतो, तो आडवा ओढायला लागतो. चिखल सरकतो, काँक्रीट सरकत नाही, मग तो सगळा जोर चेन, ॲक्सल आणि गिअरबॉक्सवर येतो.

आणि आपल्याकडचा पूर कुठे असतो हो? ठाण्यात वंदना टॉकीजसमोर कमरेएवढं पाणी असलं तरी खाली डांबर नाहीतर काँक्रीटच ना. तिथे टायरवरच चालवा. ट्रॅक लागतात ते नवी मुंबईच्या गाळाने भरलेल्या होल्डिंग पॉन्डमध्ये, म्हणजे पावसाचं पाणी साठवायच्या तलावांत, आणि खाडीच्या चिखलात. म्हणून गाडी ट्रेलरवर घालून न्यायची आणि ट्रॅक जागेवर गेल्यावर चढवायचे. तिवरांच्या मुळांवर मात्र कृपा करून घालू नका, ती एकदा चिरडली की झाड मरतं.

चालवणाऱ्याला पण नीट शिकवायला पाहिजे. ट्रॅक असताना कायम लो गिअर, कारण पट्ट्यांमुळे गाडीचं वजन वाढलेलं असतं आणि हाय गिअरमध्ये इंजिनचा जोर गिअरबॉक्सला देणारा ड्राइव्ह बेल्ट घसरून जळतो. जागच्या जागी गरकन वळवायची नाही, लांबून थोडं थोडं वळण घ्यायचं. सगळ्यात दुर्लक्ष होतं ते हवेकडे. एका बाजूची सगळी चाकं चेनने बांधलेली असल्यामुळे सारखीच फिरतात, त्यात एका टायरमध्ये हवा कमी असली तर तो आकाराने लहान पडतो आणि बाकीच्यांशी भांडत राहतो, ट्रॅकच्या आत तर त्याला घसरायला पण जागा नाही. पट्ट्याचा ताण पण बराचसा ह्याच हवेवर असतो, जास्त झाला की बेअरिंग जातं, कमी झाला की पट्टा उतरतो. कारच्या टायरमध्ये हवेचा दाब तीसेक पीएसआय असतो, ह्या टायरमध्ये एक आकडी, पंक्चरवाल्याच्या गेजवर काटा धड हलत पण नाही, त्यामुळे लो-प्रेशर गेज वेगळा घ्यावाच लागतो.

खाडीतून आली की गोड्या पाण्याने धुवायची, ॲक्सलला गुंडाळलेली नायलॉनची जाळी नि प्लास्टिक त्याच दिवशी कापून काढायचं नाहीतर पाणी आत जाऊ न देणारं सील फाटतं, मग ग्रीस मारायचं. नवी चेन सुरुवातीलाच जास्त लांबते, ती लगेच ताणून घ्यायला हवी, वार्षिक सर्व्हिसिंगपर्यंत थांबून चालत नाही.

म्हणून ठाणे आणि नवी मुंबई दोन्ही पालिकांना कळकळीची विनंती, अशा गाड्यांचं टेंडर काढाल तेव्हा ट्रेलर, जादा चेन, बेअरिंग, सील, गेज आणि ड्रायव्हरचं ट्रेनिंग त्याच टेंडरमध्ये धरा. आणि ट्रॅकवर गाडी किती तास चालली ह्याची वेगळी नोंद ठेवायला सांगा, म्हणजे चेन कधी बघायची ते मेकॅनिकला जुलैच्या आत कळेल.

— एक फिटर, रबाळे, नवी मुंबई