आवाहन : रामटेकच्या गडासाठी, नागपूरकरांना

सप्रेम नमस्कार.

कार्तिकी पौर्णिमेची रामटेकची जत्रा तोंडावर आली आहे आणि गडाची सफाई करणाऱ्या आपल्या मंडळाच्या कपाटात अकरा खराटे, चार घमेली आणि गेल्या वर्षीचे फाटके हातमोजे एवढेच शिल्लक आहे. हे पत्र दिवाळीआधीच आपल्या हाती पडायला हवे होते. परवानगीच्या कागदांमागे तीन आठवडे गेले म्हणून उशीर झाला, त्याबद्दल क्षमस्व.

आपले मंडळ सतरा वर्षे दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी रामटेकला जाते, हे आपल्या महाल भागातल्या बहुतेक घरांना ठाऊक आहे. पण नव्याने राहायला आलेल्यांसाठी सुरुवात सांगायलाच हवी. आपले दिवंगत अध्यक्ष, म्हणजे आपल्या सगळ्यांचे संस्कृतचे मास्तर, आषाढाच्या पहिल्या दिवशी वीस-पंचवीस जणांना घेऊन गडावर जात. ज्या रामगिरीवर कालिदासाचा यक्ष शापाचे वर्ष काढतो तो रामगिरी म्हणजे आपले रामटेक, हे आपल्या नागपूरच्या महामहोपाध्याय मिराशींनी साधार मांडले. मास्तर ते सगळे समजावून सांगत आणि मग केवल नरसिंहाच्या देवळाजवळ उभे राहून मेघदूतातले श्लोक म्हणत. एका वर्षी ते अनवाणी उभे राहिले आणि गवतातली फुटकी बाटली त्यांच्या तळपायात घुसली. मास्तरांनी रुमालाने पाय बांधला, आधी सगळ्या काचा वेचल्या, आणि मगच श्लोक म्हटले. दुसऱ्या दिवशी इतवारीतून सहा खराटे घेऊन आले. मंडळाचे काम तिथून सुरू झाले.

ज्या जागेवर ती बाटली फोडली गेली ती जागा कोणती, हेही लिहितो. नरसिंहाचे ते देऊळ वाकाटक राजांच्या काळातले, म्हणजे सुमारे दीड हजार वर्षांचे. गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची लेक प्रभावतीगुप्ता वाकाटकांच्या घरात दिली होती. तिच्या ताम्रपटात रामगिरीस्वामींच्या चरणांचा उल्लेख आहे. जवळच्या नगरधनला वाकाटकांची राजधानी होती. पुढे नागपूरकर भोसल्यांनी या गडावरच्या देवस्थानाची सेवा केली. इतक्या जणांनी जपलेली जागा आपल्या हाती आली आहे.

आता ऑगस्टमधला एक रविवार सांगतो. सकाळी नऊच्या आतच घाटात गाड्यांची रांग लागली. वर जागा नाही, खाली वळायला जागा नाही, हॉर्न थांबत नाहीत. वराहाच्या भव्य मूर्तीपाशी तिघे पोरे मूर्तीच्या पाठीवर चढून फोटो काढत होती. त्या मूर्तीच्या पोटाखालून आपल्या आज्या भाविकतेने सरपटत गेल्या आहेत. आपल्या खजिनदार काकूंनी हात जोडून "बाळांनो, खाली उतरा" म्हटले, तर एकाने उत्तर दिले, "काऊन काकू, तुमच्या बापाचा गड आहे काय?" काकू सत्तरीच्या आहेत. त्या काही बोलल्या नाहीत, पण परतीच्या बसमध्ये रडल्या. त्याच दिवशी एका कुटुंबाने वानरांना चिप्सचे अख्खे पुडे फेकले. एक पिल्लू प्लॅस्टिक चावत बसले होते. ते त्याच्या तोंडातून काढायला जाणारा आपला स्वयंसेवक बोट चाववून घेऊन आला, त्याला इंजेक्शने घ्यावी लागली. संध्याकाळपर्यंत उतारावरच्या झुडपांतून आम्ही एकतीस पोती कचरा काढला. अंबाळा तलावाच्या घाटावरचा कचरा वेगळा. तिथे लोक आपल्या माणसांच्या अस्थी घेऊन येतात आणि त्यांच्या शेजारीच कोणी मोबाइलवर गाणी लावून पोहत असते.

रामटेकच्या गावकऱ्यांचे हाल तर कोणी विचारतच नाही. रविवारी दारासमोर लावलेल्या परक्या गाडीमुळे आजारी माणसाला दवाखान्यात नेता येत नाही, अशी तक्रार तिथल्या एका वहिनींनी आमच्याजवळ केली. व्हेनिस शहराचे असेच झाले. प्रवासी इतके वाढले की जुन्या शहरात राहणाऱ्यांची संख्या २०२२ मध्ये ५०,००० च्या खाली गेली, आणि २५ एप्रिल २०२४ पासून काही ठरावीक दिवशी, दिवसभरासाठी येणाऱ्यांना शहरात शिरायला ५ युरो मोजायला लावले. रामटेकला तशी वेळ येऊ नये. गर्दी होते हे वाईट आहे, असे मंडळाचे म्हणणे मुळीच नाही. दीक्षाभूमीवर दरवर्षी लाखो माणसे येतात, रात्र रात्र रस्त्यावर काढतात आणि जाताना पिशव्या भरून पुस्तके घेऊन जातात. आपल्या शहराने ही गर्दी पाहिलेली आहे. लाखांच्या जमावाला शिस्त असू शकते हे नागपूरकराला दुसऱ्या कोणी शिकवायची गरज नाही.

म्हणूनच मनाला जास्त लागते. कारण गडावर घाण करणारे परदेशातून आलेले नाहीत. नागपूरच्याच एम.एच. ३१ आणि एम.एच. ४९ च्या गाड्या आम्ही डोळ्यांनी मोजतो. ती आपलीच पोरे आहेत, आपल्याच कॉलन्यांतली कुटुंबे आहेत, आपल्याच ऑफिसांच्या सहली आहेत. आपण केलेली घाण आपणच काढायची, एवढ्यासाठी मंडळ आहे.

आपल्यातल्या एका गृहस्थांची गोष्ट त्यांच्या परवानगीने सांगतो. नऊ वर्षांपूर्वी ते पहिल्यांदा सफाईला आले. दुपारी गडाच्या कठड्यापाशी बराच वेळ एकटेच उभे होते. मी पाणी घेऊन गेलो तर बोट दाखवून म्हणाले, "हे माझंच आहे." दगडात किल्लीने कोरलेले त्यांचे आणि वहिनींचे नाव, मध्ये बाण, खाली १९९४. लग्नानंतरच्या पहिल्या सहलीत कोरलेले. त्यांनी ते घासून काढायची तयारी दाखवली, पण तसे करता येत नाही. कोरलेले अक्षर काढायचे तर भोवतीचा दगडही तेवढाच खोल झिजवावा लागतो. तारेचा ब्रश किंवा ॲसिड लावले तर दगडाची वरची कातडी निघते आणि मग दर पावसाळ्यात पाणी आत शिरते. म्हणून ते नाव अजून तिथेच आहे. जत्रेच्या दिवशी हे गृहस्थ त्या कठड्यापाशी उभे राहतात आणि हातात खिळा किंवा किल्ली घेतलेल्या पोरांना ते नाव दाखवून सांगतात, "पोरांनो, हे आता मलाही पुसता येत नाही." जितकी पोरे त्यांच्यामुळे थांबली तितकी आमच्या फलकांमुळे थांबली नाहीत. २०१९ मध्ये हंपीला काही तरुणांनी जुना खांब ढकलून पाडला, तेव्हा न्यायालयाने त्यांना दंड करून तो पुन्हा उभा करायला लावला. आपले हे गृहस्थ न्यायालयाची वाट न पाहता आले. दरवर्षी पहिली देणगी तेच देतात, तीही न मागता.

ऋण आणखी पुष्कळांचे आहेत. बडकस चौकाजवळचे आपले पोहेवाले भाऊ सतरा वर्षांत एकदाही चुकले नाहीत. पहाटे पाचला तर्रीचे पातेले बसमध्ये चढवून देतात आणि पैसे विचारले की रागावतात. बसमालक दादांनी कोरोनानंतर स्वतःच्या गाड्या उभ्या असताना आपल्याला निम्म्या भाड्यात गाडी दिली. पोस्टातून निवृत्त झालेल्या ताईंनी पहिले पेन्शन जसेच्या तसे मंडळात आणून ठेवले. महिला बचत गटाने जुन्या साड्यांच्या ६०० पिशव्या शिवून दिल्या, त्या पायथ्याशी वाटल्या. गल्लीतल्या शिंपीकाकांनी त्यांना मोफत बंद लावून दिले. पुरातत्त्वाच्या कामातून निवृत्त झालेल्या आपल्या सरांनी चार रविवार खर्ची घालून, कशाला हात लावायचा आणि कशाला अजिबात नाही, हे शिकवले. जुन्या वास्तूच्या दगडाला मंडळ परवानगीशिवाय बोटही लावत नाही, हे त्यांच्यामुळे. मास्तरांच्या घरच्यांनी त्यांची संस्कृतची पुस्तके आणि ते पहिले सहा खराटे जपून ठेवले आहेत. त्यांतला एक अजून चालतो.

आता जे लिहितो ते जड मनाने. गेल्या वर्षी १,००० पत्रके छापून घरोघरी दिली. देणगी आली २३ घरांतून. ग्रुपवर फोटो टाकले की "छान काम", "अभिमान वाटतो" असे पुष्कळ जण लिहितात, आणि रविवारी बस अर्धी रिकामी जाते. कोणावर ठपका ठेवायचा नाही, प्रत्येकाला प्रपंच आहे. पण एका सोसायटीत तर "हे सरकारचे काम आहे, तुम्ही कशाला मध्ये पडता" असे म्हणून आमच्या दोन मुलींना फाटकातूनच परत पाठवले. सरकारचे काम सरकारने करावेच, त्यासाठी मंडळाची निवेदने चालूच आहेत. राष्ट्रीय महत्त्वाच्या संरक्षित वास्तूची नासधूस केली तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, हे कायद्यात लिहिलेले आहे. पण रविवारी दुपारी कठड्यापाशी कायदा उभा नसतो, तिथे आपल्यापैकी कोणीतरी उभे राहावे लागते.

या वर्षीची गरज : वानरांना उघडता येणार नाही अशा घट्ट झाकणाच्या १२ कचरापेट्या, पायथ्याशी पिण्याच्या पाण्याची दोन थंड टाकी (म्हणजे वर बाटल्या कमी जातील), ६० जोड्या जाड हातमोजे, मऊ ब्रश, पोती, मराठी-हिंदी फलक, दोन दिवसांचे बसभाडे, औषधपेटी. एकूण अंदाज रु. १,४५,०००. हाती रु. ३८,०००. रोख किंवा धनादेश महालातल्या कार्यालयात संध्याकाळी ६ ते ८, पावती लगेच. क्यूआर कोड कार्यालयाच्या दारावर आहे, पैसे पाठवल्यावर नाव कळवावे. वस्तुरूपानेही चालेल, पेट्या मात्र आधी विचारून घ्याव्यात. स्वयंसेवक १६ वर्षांवरील, नावे पौर्णिमेच्या पाच दिवस आधीपर्यंत.

आपला नम्र,
चिटणीस
(मंडळाच्या कार्यकारिणीच्या वतीने)

ता. क. वैकुंठ चतुर्दशी आणि पौर्णिमा, दोन्ही दिवशी बस पहाटे ५.३० ला गांधी दरवाज्यापासून सुटेल. पोहे बसमध्येच मिळतील. पाण्याची बाटली स्टीलची आणावी. घरी खराटा असेल तर तोही.