लीगच्या मुलखात फुटीची मुले घडवताना

वेस्टमीड, सिडनी
12 ऑक्टोबर 2025

प्रिय श्रीकांत,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र गणपतीच्या दिवसांत मिळाले, पण हंगाम संपून जरा निवांत बसायला मिळेपर्यंत मी उत्तर लांबवले, कारण तुझा प्रश्न चार ओळींत उरकण्यासारखा नव्हता. वीस वर्षे शाळेत खो-खो शिकवणाऱ्या माणसानेच तो विचारावा: ज्या मुलखात एका खेळाने, म्हणजे रग्बी लीगने, घराघरांत ठाण मांडले आहे, तिथे आमच्या ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलसारख्या दुसऱ्या खेळाची मुले आणता कुठून आणि ती टिकतात का? बारा वर्षांखालील मुलांच्या संघाबरोबर मैदानावर चार हिवाळे काढल्यावर माझे मत असे झाले आहे की, मुले आणावी लागत नाहीत, ती इथेच असतात. त्यांना गळती लागते ती बारा ते पंधरा या वयात, आणि तीही अंगी गुण नाहीत म्हणून नव्हे, तर घरीदारी हा खेळ जाणणारे मोठे माणूस नसते म्हणून.

इथे ‘बरासी रेषा’ असा एक शब्दप्रयोग आहे. रॉन बरासी हे मेलबर्नचे नामवंत खेळाडू आणि प्रशिक्षक. त्यांच्या नावाने इयन टर्नर या इतिहासकाराने 1978 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या नकाशावर ही काल्पनिक रेषा ओढली. तिच्या दक्षिणेला आणि पश्चिमेला ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल, तर उत्तर-पूर्वेला, म्हणजे न्यू साउथ वेल्सचा बराचसा भाग आणि क्वीन्सलँड इथे, रग्बी. मेलबर्नमध्ये ‘फुटी’ म्हटले की ऑसी रूल्स, आणि आमच्या पश्चिम सिडनीत त्याच शब्दाचा अर्थ रग्बी लीग, हा रग्बीचाच एक प्रकार. आमच्या संघात नव्याने आलेल्या मुलाला ‘फुटी खेळतोस का?’ असे विचारले तर तो निःशंकपणे हो म्हणतो आणि मग आमचा चेंडू हातात घेऊन गोंधळून उभा राहतो.

लीग इथे 1908 पासून आहे. त्याची मुळे पॅरामॅटासारख्या उपनगरांच्या कुटुंबांत इतकी खोल गेली आहेत की आजोबा, बाप आणि नातू एकाच क्लबची जर्सी घालतात. त्यापुढे आमचा खेळ कालपरवाचा पाहुणा. साउथ मेलबर्न क्लब 1982 मध्ये सिडनीला आला, ब्रिस्बेनला 1987 मध्ये संघ मिळाला, गोल्ड कोस्ट सन्स 2011 मध्ये उतरले आणि आमच्या भागाचे जायंट्स 2012 मध्ये. या दोन नव्या क्लबांनी लोकांचे लक्ष वेधण्यासाठी लीगमधले दोन मोठे तारे आणले, कार्माइकल हंट आणि इझ्राएल फोलाऊ. हंटने 2012 मध्ये केर्न्सला रिचमंडविरुद्ध अंतिम भोंगा वाजल्यानंतर गोल मारून सामना जिंकून दिला, हे खरे. पण फोलाऊ एका हंगामात निघून गेला. त्या दोघांमुळे वर्तमानपत्रांचे रकाने भरले, पण आमच्या उपनगरातल्या एखाद्या बापाला त्यामुळे आपल्या मुलाबरोबर परसात चेंडू कसा मारावा हे कळले असेल, असे मला वाटत नाही.

आता एक मुलगा डोळ्यांसमोर आण. एप्रिलमध्ये सामोअन घरातला एक बारा वर्षांचा मुलगा शाळेतल्या मित्राबरोबर आमच्याकडे आला. वडील आणि काका लीग खेळलेले, त्यालाही सहाव्या वर्षापासून लीगचे बाळकडू मिळालेले. धावणे, अंगावर जाणे, पडल्यावर क्षणात उठणे यांत तो आमच्या कोणत्याही मुलाला भारी होता. तरी पहिल्याच सामन्यात तो चारदा चेंडूसकट पकडला गेला. लीगमध्ये चेंडू छातीशी कवटाळून पुढे घुसायचे असते, पकडला गेलात तरी चेंडू आपल्याच संघाकडे राहतो, अशा सहा खेपा मिळतात, आणि प्रतिस्पर्धी सगळे समोर असतात. आमच्या खेळात ऑफसाइड नाही, त्यामुळे माणूस पाठीमागूनही येतो, आणि चेंडू सोडायला वाव असूनही सोडला नाही तर फ्री किक समोरच्याला मिळते. शिवाय चेंडू फेकता येत नाही. एका हातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने मारावा लागतो. मी त्याच्या पाठीमागे उभा राहून बोटे दाखवायचो आणि चेंडू मुठीने मारण्याआधी मान वळवून त्याने आकडा सांगायचा, एवढाच सराव आम्ही तीन आठवडे केला. खो-खोत पळणाऱ्याला चारी दिशांची जाण कशी लागते, हे तुला मी काय सांगणार!

खरी कसोटी लागली ती ड्रॉप पंट शिकताना, म्हणजे चेंडू हातातून सोडून जमिनीला टेकण्याआधी त्याच्या खालच्या टोकावर पाय मारायचा आणि तो उलटा फिरत जाईल असे पाहायचे. पाहणाऱ्याला वाटते पाय चुकतो. चुकतो तो हात. चेंडू सोडताना तो जरा जरी तिरका झाला तरी भरकटतो. या मुलाचा दुसरा हात चेंडूवर उगाच रेंगाळायचा. ऑसकिकमध्ये, म्हणजे आमच्या खेळाच्या लहानग्यांच्या वर्गात, सहाव्या-सातव्या वर्षी जे खेळता खेळता अंगवळणी पडते, ते बाराव्या वर्षी मोजून मापून शिकवावे लागते, आणि बुधवारी तासभर केलेला सराव त्याला कधीच पुरणार नव्हता. जूनमध्ये त्याचा काका कुंपणापाशी उभा राहून नियम विचारू लागला. पुढच्या बुधवारी तो लीगच्याच जर्सीत मैदानात आला आणि पुतण्याच्या शेजारी उभा राहून स्वतः ड्रॉप पंट शिकू लागला. त्याचेही पहिले दहा-बारा चेंडू कुंपणाबाहेर गेले, पण महिनाभरात दोघे घराजवळच्या बागेत रोज संध्याकाळी तीस पावलांवरून एकमेकांकडे चेंडू मारू लागले, आणि ऑगस्टमध्ये त्या मुलाने पळता पळता चाळीस पावलांवरच्या मित्राच्या थेट छातीवर चेंडू पोहोचवला. त्या क्षणी माझे डोळे भरून आले, हे तुला सांगायला मला संकोच वाटत नाही.

तू अकॅडम्यांविषयीही विचारले आहेस. सिडनी, जायंट्स, ब्रिस्बेन आणि गोल्ड कोस्ट या चार क्लबांनी 2010 च्या सुमारास आपापल्या भागातल्या मुलांसाठी अकॅडम्या उभारल्या. तिथे घडलेल्या मुलावर ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लब क्रमाक्रमाने नवे खेळाडू निवडतात त्या वार्षिक निवडीत, दुसऱ्या क्लबाने बोली लावली, तर आपली बोली जुळवून त्याला ठेवून घेण्याचा हक्क त्या क्लबाला असतो. न्यूकॅसलकडचा आयझॅक हीनी 2014 मध्ये सिडनीला 18 व्या क्रमांकावर मिळाला, वास्तविक त्याच्यावर मेलबर्नने दुसऱ्या क्रमांकाची बोली लावली होती. त्यावर इतका गदारोळ झाला की पुढच्याच वर्षी बोलीसाठी गुणांची पद्धत आली, म्हणजे प्रत्येक क्रमांकाचे गुण ठरले आणि मुलाला ठेवून घेणाऱ्या क्लबाला ते मोजावे लागू लागले. त्या गुणांत क्लबाला मिळणारी सवलत आधी 20 टक्के होती, ती 2025 पासून 10 टक्के झाली. 2023 मध्ये गोल्ड कोस्टच्या अकॅडमीची चार मुले पहिल्या 26 क्रमांकांत निवडली गेली, तेव्हाही मेलबर्नच्या क्लबांची तक्रार होतीच. मला ती तक्रार पटत नाही. ज्या मुलखात मूल लीगकडे जाणे हीच रीत आहे, तिथे पाच-सहा वर्षे त्याच्यामागे राबणाऱ्या क्लबाला काहीच मिळणार नसेल, तर तो राबेल कशाला?

माझी तक्रार वेगळी आहे. जायंट्सच्या अकॅडमीची चटकन आठवणारी नावे घे: जेकब हॉपर लीटनचा, हॅरी हिमेलबर्ग मँगोप्लाचा, टॉम ग्रीन कॅनबेराचा. न्यू साउथ वेल्सच्या दक्षिणेकडच्या रिव्हरिनाच्या गावांत आणि कॅनबेरात हा खेळ पिढ्यान्‌पिढ्या खेळला जात होता. तिथे अकॅडमीने उभ्या पिकाला पाणी दिले. आमच्या पश्चिम सिडनीतल्या ब्लॅकटाउन, माउंट ड्रूइटकडे अजून नांगरणीच व्हायची आहे. सिडनीच्या अकॅडमीचा एरॉल गुल्डन मात्र मरूब्राचा, साउथ सिडनीच्या लीगचा अड्डा असलेल्या भागातला, आणि त्याला 2020 मध्ये 32 व्या क्रमांकावर घेतले गेले. अशी मुले निघतात, पण मरूब्रात आधीपासून मुलांचा क्लब होता, शनिवारी सकाळी दोर लावून सीमारेषा आखणारी माणसे होती, हे विसरून चालणार नाही.

मैदानांचीही अडचण आहे. लीगचे मैदान 100 मीटर लांब आणि 68 मीटर रुंद, चौकोनी. आम्हाला किमान 135 मीटर लांबीचा ओव्हल लागतो, म्हणजे क्रिकेटचेच मैदान. यात मला एक संधी दिसते. उन्हाळ्यात त्याच ओव्हलवर आपली मराठी, गुजराती, तमिळ मुले क्रिकेट खेळतात. उंच गेलेल्या चेंडूखाली पळत जाऊन त्याच्यावरची नजर न ढळवणे त्यांना आधीच येते, आणि मार्क घेण्याचे, म्हणजे पायाने मारलेला चेंडू हवेतच झेलण्याचे, अर्धे काम तेच आहे. टॉम विल्स या क्रिकेटपटूने 1858 मध्ये या खेळाची कल्पना पुढे आणली तीच क्रिकेटपटूंना हिवाळ्यात तंदुरुस्त ठेवण्यासाठी. तरीही आपल्या घरांतून मुले येतात ती दहाव्या वर्षापर्यंत. पुढे शनिवारचा क्लास येतो, आईला टॅकलची भीती वाटते, आणि मी घरी जाऊन बोललो तरी बहुतेक वेळा चहा पिऊन परत येतो.

गेल्या वर्षीची अंतिम लढत ब्रिस्बेन आणि सिडनी यांच्यात झाली, म्हणजे रेषेपलीकडचे दोन संघ मेलबर्नच्या मैदानावर. यंदा ब्रिस्बेनने जीलाँगला हरवून पुन्हा अजिंक्यपद मिळवले आणि आठच दिवसांनी त्याच शहराच्या ब्रॉन्कोजनी लीगचेही विजेतेपद जिंकले. एका शहरात दोन्ही खेळ पोसले जाऊ शकतात, हे मी इथल्या पालकांना आता दाखवून देऊ शकतो. आमच्या मुलांनी लीग सोडावे असा माझा आग्रह कधीच नव्हता.

पुढच्या हंगामासाठी चौदा वर्षांखालील संघात आजपर्यंत अकरा नावे आली आहेत. तेवढ्यावर संघ उभा राहत नाही. गेल्या खेपेस याच वयोगटाचा संघ आम्हाला मार्चमध्ये मोडावा लागला होता आणि त्यातली मुले पुन्हा परतली नाहीत. त्या सामोअन मुलाचे नाव यादीत आहे, आणि मदतनीसाच्या जागी त्याच्या काकाने आपले नाव घातले आहे. तेरा-चौदा वर्षांची, अभ्यासाच्या ओझ्याखालची मुले तू संध्याकाळच्या सरावाला कशी धरून ठेवतोस, त्यांच्या घरी जाऊन नेमके काय बोलतोस, ते मला सविस्तर लिही. नोंदणी संपण्याआधी, म्हणजे जानेवारीच्या आत, तुझे पत्र आले तर मला त्याचा फार उपयोग होईल.

वहिनींना नमस्कार, मुलांना अनेक आशीर्वाद.

तुझा,
अविनाश