पेनकिलरच्या चिठ्ठीत सुटलेल्या ओळी

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

ठाणे स्टेशनपासून वाशी-खारघरपर्यंत कुठल्याही मेडिकलच्या काउंटरवर वेदनाशामकांबद्दल दोन मते ऐकू येतात. ‘या गोळ्यांनी किडनी जाते, होईल तेवढे सोसावे’ हे एक आणि ‘मागच्या वेळचीच स्ट्रिप द्या, गुण आला होता’ हे दुसरे. पहिल्या मताचे लोक चालू औषध मध्येच सोडतात, दुसऱ्या मताचे ते मोजदाद न ठेवता घेत राहतात. आम्ही फार्मासिस्ट आणि घरोघरी जाऊन रुग्णसेवा करणाऱ्या परिचारिका आहोत. या औषधांचे बहुतेक दुष्परिणाम अचानक उपटत नाहीत. कोणता त्रास केव्हा सुरू होईल, कोणता आठवड्यात ओसरेल आणि कोणता औषध असेपर्यंत राहील, हे बव्हंशी आधीच ठाऊक असते. तरी चिठ्ठीवर असते फक्त ‘१-०-१, जेवणानंतर, १५ दिवस’. राहून गेलेले येथे मांडतो.

बद्धकोष्ठापासून सुरुवात करतो, कारण या एका त्रासापायी चांगली लागू पडलेली औषधे सोडून दिली जातात. ट्रॅमाडॉल, टॅपेन्टाडॉल, मॉर्फिन, फेन्टॅनिलची त्वचेवर चिकटवायची पट्टी ही अफूच्या कुळातली किंवा तशाच मार्गाने काम करणारी औषधे. मेंदूत ती जिथे जाऊन वेदना दाबतात, तशाच जागा आतड्यातही असतात. तिथे औषध पोचले की आतड्याची मळ पुढे ढकलण्याची हालचाल मंदावते, मळ जास्त वेळ पडून राहतो, त्यातले पाणी शोषले जाते आणि खडे होतात. या औषधांची गुंगी बहुधा दोन-चार दिवसांत आणि मळमळ आठवड्याभरात कमी होते, शरीर सरावते. आतडे मात्र सरावत नाही. म्हणून रेचक ‘लागेल तेव्हा’ घ्यायचे नसते. वेदनाशामकाच्या पहिल्याच दिवसापासून रोज घ्यायचे असते, आणि ते त्याच चिठ्ठीवर लिहिलेले असावे.

कोणते रेचक, हाही प्रश्न आहे. आपल्याकडे पहिला हात इसबगोलकडे जातो. एरवी चांगले असलेले इसबगोल इथे उपयोगाचे नाही. ते मळाचा आकार वाढवते, पण ढकलणारी हालचालच मंद असेल तर तो गोळा वाटेत अडकतो. पाणी कमी पिणाऱ्या वृद्धांत तर अधिकच. इथे आतड्याला चालना देणारे औषध हवे: सोनामुखीची गोळी किंवा बिसाकोडिल ५ ते १० मिलिग्रॅम, रात्री झोपताना. परिणाम सहा ते बारा तासांनी, म्हणजे सकाळी होतो. बिसाकोडिलची गोळी चावू नये, आणि दूध किंवा अँटासिडही तिच्या आगेमागे तासभर घेऊ नये. वरचे आवरण आतड्याऐवजी जठरातच विरघळते आणि पोटात मुरडा येतो. मळ मऊ राहण्यासाठी डॉक्टर सोबत पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पूड (१७ ग्रॅम, ग्लासभर पाण्यात) किंवा लॅक्टुलोज (१५ ते ३० मिलि) देतात. लॅक्टुलोजचा गुण यायला एक-दोन दिवस लागतात आणि त्याने गॅस होतो, तेव्हा पहिल्याच दिवशी बाटली बाजूला सारू नये. कमोडवर बसताना पायाखाली पाट घ्यावा. गुडघे कमरेच्या वर आले की जोर कमी लागतो. गुडघेदुखीमुळे उकिडवे बसणे सुटलेल्यांना याचा उपयोग होतो.

तीन दिवस शौचाला झाले नाही तर डॉक्टरांना कळवावे. पोट फुगून टणक झाले, उलट्या सुरू झाल्या, गॅसही सरत नसेल, तर आणखी रेचक देऊ नये, रुग्णालय गाठावे. एक फसवे लक्षण घरच्यांनी विशेष लक्षात ठेवावे. चार-पाच दिवस कोरडे गेल्यावर एकाएकी पातळ, थोडे थोडे, नकळत होऊ लागले तर ते बहुधा जुलाब नसतात. अडकलेल्या खड्याच्या बाजूने झिरपणारे पाणी असते. अशा वेळी जुलाब थांबवायची गोळी दिली की अडथळा पक्का होतो. उलटीसाठी सर्रास दिले जाणारे ओन्डान्सेट्रॉनही बद्धकोष्ठ वाढवते, म्हणून ते सुरू असल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

ट्रॅमाडॉलबद्दल दोन गोष्टी वेगळ्या. प्रौढांसाठी दिवसाची कमाल मर्यादा ४०० मिलिग्रॅम, पंचाहत्तरीपुढे ३००. त्यापलीकडे फिट येण्याचा धोका वाढतो, आणि आधी फिट आलेल्यांना मर्यादेच्या आतही असतो. सर्ट्रालिन, एस्सिटॅलोप्राम यांसारख्या नैराश्यावरील गोळ्यांसोबत घेतल्यास थरथर, घाम, धडधड, अस्वस्थपणा असा गंभीर प्रकार होऊ शकतो. मानसोपचाराच्या गोळ्या चालू असल्याचे हाडांच्या डॉक्टरांपासून लपवण्याची आपल्याकडची रीत इथे महागात पडते. ट्रॅमाडॉल शेड्यूल एच-१ मध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या यादीत आहे आणि २०१८ पासून अमली पदार्थांच्या कायद्याखालीही आले आहे. एच-१ औषधांची वेगळी नोंदवही ठेवून ती तीन वर्षे जपावी लागते. त्यामुळे दुकानदार चिठ्ठी मागतो तेव्हा तो अडवणूक करत नसतो. जुन्या ओळखीवर विनाचिठ्ठी देणारे दुकानदारही आहेत, हे आमच्याच व्यवसायातले असले तरी लिहिले पाहिजे.

झोपेची गोळी, अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, प्रीगॅबालिन, कोडीनचे खोकल्याचे औषध आणि दारू यांतले काहीही वरच्या अफूवर्गीय औषधांसोबत आले की श्वास मंदावू शकतो. माणूस हाक मारून उठत नाही, घशातून घरघर येते, मिनिटाला श्वास आठ-दहाच्या खाली जातात, डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. ‘बऱ्याच दिवसांनी शांत झोपलेत’ म्हणून निजू द्यायची ही वेळ नव्हे. १०८ ला फोन करावा, माणसाला कुशीवर वळवावे, अंगावर पट्टी असेल तर काढावी.

पट्टीचे आपल्या हवेत स्वतंत्र प्रश्न आहेत. फेन्टॅनिलची पट्टी तीन दिवसांची, ब्युप्रेनॉर्फिनची सात दिवसांची. ठाण्यातल्या एप्रिल-मेच्या घामात ती कडेने सुटते. लावण्याआधी जागा नुसत्या पाण्याने धुवावी, साबण-तेल-पावडर नको, पूर्ण कोरडी करावी. केस कात्रीने कापावेत, वस्तऱ्याने नाही. खरचटलेल्या त्वचेतून औषध जास्त शिरते. तळहाताने अर्धा मिनिट दाबून धरावे. कड सुटली तर वरून साधी चिकटपट्टी चालते. पट्टीवर गरम पाण्याची पिशवी कदापि ठेवू नये. उष्णतेने औषध भराभर शोषले जाते, चढत्या तापातही तेच होते. फेन्टॅनिलचा पुरता गुण यायला १२ ते २४ तास लागतात, म्हणून पहिल्या दिवशी ‘लागू पडत नाही’ म्हणत दुसरी लावू नये. काढलेल्या पट्टीतही औषध शिल्लक असते. चिकट बाजू आत घेऊन घडी घालावी, मुलांच्या हाताला लागणार नाही अशा डब्यात ठेवावी आणि जिथून मिळाली त्या रुग्णालयात परत द्यावी.

आता काउंटरवर सर्वाधिक मागितल्या जाणाऱ्या, सुजेवरच्या वेदनाशामक गोळ्यांकडे: डायक्लोफेनॅक, एसिक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, नॅप्रोक्सेन, एटोरिकॉक्झिब. ‘जेवून घेतली की पोटाला काही होत नाही’ हा समज अर्धवट आहे. गोळी जठराला टोचते म्हणून जखम होते असे नाही. वेदना आणि सूज घडवणाऱ्या रसायनांच्या कुळातलीच काही रसायने जठराचे अस्तर जपतात. औषध रक्तातून पोचून तीही कमी करते. त्यामुळे इंजेक्शन किंवा गुदद्वारातून दिलेल्या औषधानेही अल्सर होऊ शकतो. संरक्षणासाठी दिलेली पॅन्टोप्राझोलसारखी पित्ताची गोळी नाश्त्याच्या अर्धा तास आधी घ्यावी, नंतर घेतल्यास तिचा जोर कमी पडतो. डांबरासारखी काळी, चिकट शौच झाली तर त्याच दिवशी रुग्णालयात जावे. लोहाच्या गोळ्यांनीही रंग काळा होतो, पण शंकेचा निकाल डॉक्टरांनी लावावा, घरी नको.

पित्ताची गोळी किडनी वाचवत नाही, हे आम्हाला रोज सांगावे लागते. जठराला तुलनेने सौम्य असलेले एटोरिकॉक्झिबही किडनीला सौम्य नाही. शिवाय ते रक्तदाब वाढवते, आणि १४०/९० च्या वरचा रक्तदाब ताब्यात नसेल तर घेऊ नये. खरी गफलत होते ती रक्तदाबाच्या जोडगोळीबरोबर. टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन (ही लघवी वाढवणारी औषधे) एकाच गोळीत घेणारे घराघरात आहेत. सुजेवरची गोळी किडनीकडे रक्त आणणारी वाहिनी आकसवते, टेल्मिसार्टन बाहेर नेणारी सैल करते, लघवीचे औषध अंगातले पाणी कमी करते. तिन्ही एकत्र आले की गाळणीतला दाब उतरतो. एरवी निभावते, पावसाळ्यात गॅस्ट्रो झाला, किंवा श्रावणात-नवरात्रात कडक उपास आणि पाणी कमी, की क्रिएटिनिन (किडनीचे काम दाखवणारा रक्ततपासणीतला आकडा) वर जाते. म्हणून उलट्या-जुलाबाच्या दिवशी सुजेवरची गोळी थांबवावी, रक्तदाबाच्या गोळीबद्दल डॉक्टरांना त्याच दिवशी विचारावे, ओआरएसचे मोठे पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवून घ्यावे. असे औषध काही आठवडे चालणार असेल तर सुरुवातीला आणि नंतर एक-दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन व पोटॅशियम तपासून घ्यावे. घोट्यांवर सूज, लघवी कमी, चार दिवसांत दोन किलो वजन वाढणे, यांपैकी काहीही दिसले तर पुढची गोळी विचारल्याशिवाय घेऊ नये.

हृदयासाठी ७५ मिलिग्रॅम ॲस्पिरिन घेणाऱ्यांनी आयब्युप्रोफेन परस्पर घेऊ नये. ते ॲस्पिरिनची जागा अडवून बसते. घ्यावेच लागले, तर साधे ॲस्पिरिन आधी आणि आयब्युप्रोफेन किमान अर्ध्या तासाने.

पॅरासिटॅमॉलचा हिशेब कागदावर मांडावा, कारण ते नावात दिसत नाही. एसिक्लोफेनॅकच्या जोडगोळीत ते ३२५ मिलिग्रॅम, दोनदा: ६५०. ट्रॅमाडॉलच्या जोडगोळीत ३२५, तीनदा: ९७५. अंगात कणकण म्हणून ६५० ची गोळी तीनदा: १,९५०. झाले ३,५७५ मिलिग्रॅम. वर सर्दीच्या ५०० च्या दोन गोळ्या घेतल्या की प्रौढांची ४,००० ची मर्यादा ओलांडली, आणि त्या माणसाच्या मते त्याने ‘पॅरासिटॅमॉल फक्त तीन घेतल्या’. पन्नास किलोखालील वजन, यकृताचा आजार, रोजची दारू असेल तर मर्यादा आणखी खाली, ती डॉक्टरांकडून आकड्यात लिहून घ्यावी.

नसांच्या दुखण्यावरची औषधे थोडक्यात. प्रीगॅबालिनने चक्कर, पायांना सूज, वजनवाढ. रात्री लघवीला उठताना आधी पलंगाच्या कडेला मिनिटभर बसावे. ते एकदम बंद करू नये, किमान आठवडाभर उतरवत न्यावे लागते, आणि किडनी कमजोर असेल तर मात्रा कमी लागते. गॅबापेन्टिन अँटासिडनंतर दोन तासांनी. ॲमिट्रिप्टिलिन झोपताना न घेता तास-दोन तास आधी घेतले तर सकाळची सुस्ती कमी होते. प्रोस्टेट वाढलेल्यांची लघवी त्याने तुंबू शकते. ‘एसआर’ किंवा ‘ईआर’ लिहिलेली, म्हणजे औषध हळूहळू सोडणारी गोळी कुटून देऊ नये. बारा तासांचे औषध एकदम अंगात जाते. औषध नवीन असताना आणि मात्रा बदलल्यावर काही दिवस घोडबंदर रोडवर दुचाकी काढू नये. मोटार वाहन कायद्याचे कलम १८५ अमली औषधांच्या अमलालाही लागू होते.

आमची डॉक्टरांना विनंती की अफूवर्गीय औषधाखाली रेचक आणि सुजेवरच्या औषधाखाली ‘उलट्या-जुलाबात बंद’ एवढे लिहावे. व्यवसायबंधूंना विनंती की पाकिटावर १-०-१ सोबत ही ओळ मराठीत लिहावी. दहा सेकंद लागतात.

दुष्परिणाम झाल्यास रुग्णालाही तो भारतीय औषधदक्षता कार्यक्रमाकडे १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर नोंदवता येतो, त्यासाठी डॉक्टर असावे लागत नाही. तिथे औषधाचे नाव, मात्रा, सुरू केल्याची तारीख, त्रासाची तारीख, सोबतची इतर औषधे आणि बॅच क्रमांक विचारतात. हा क्रमांक स्ट्रिपच्या एकाच टोकाला छापलेला असतो, म्हणून सुट्या गोळ्या घेताना दुकानदाराला ते टोक तुमच्याकडच्या तुकड्यावर ठेवायला सांगा, किंवा कापण्याआधी मोबाइलवर त्याचा फोटो काढा.

आपले,
नौपाडा, कळवा व वाशी परिसरातील काही फार्मासिस्ट आणि परिचारिका