चौथ्या मजल्यावरच्या काकांना

काका,

परवा बँकेचं पत्र हातात पडलं. ऐरोलीच्या घराच्या कर्जावरून माझं नाव निघालं. पहिला फोन तुम्हालाच लावला, पण तुमचा 'हॅलो' ऐकला आणि माझा आवाजच फुटेना. ठेवून दिला. म्हणून हे पत्र लिहितेय, आणि उघड लिहितेय. तेव्हा ज्यांनी पाठ फिरवली त्यांच्याही वाचनात ते यावं, असं मनापासून वाटतं.

नवऱ्याने आणि मी वेगळं व्हायचं ठरवलं तेव्हा रडून झालं होतं, भांडूनही झालं होतं. राहिलं होतं ते घर. दोघांच्या नावावरचं घर आणि दोघांच्या सह्यांचं कर्ज. घरचे म्हणायचे, 'मिटवून टाका.' कसं, ते कोणी सांगेना. एक वकील पहिल्याच भेटीत म्हणाले, 'अख्खं घर मागू, मग बघू कुठे तुटतंय.' बँकेत सांगितलं, 'दोघं मिळून या.' मिळून जाता आलं असतं तर ही वेळ आली असती का? एका नातलगाने तर चारचौघांत विचारलं, 'हप्ते त्याच्या खात्यातून जात होते ना? मग त्यात तुझं काय?' त्या एका वाक्याने माझी झोप उडाली. खरंच वाटायला लागलं होतं, की माझं काहीच नाही.

मग एका रविवारी तुम्ही आम्हा दोघांना वर बोलावलंत. काकूंनी पोहे आणून ठेवले. तुम्ही दोनशे पानी वही उघडलीत, पानाच्या मधोमध रेघ मारलीत. का वेगळे होताय, चूक कोणाची, हे तुम्ही एकदाही विचारलं नाहीत.

सुरुवात त्याच्या हप्त्यांपासून केलीत. ४० लाखांचं कर्ज, २० वर्षांची मुदत, साडेआठ टक्के व्याज. सात वर्षांत २९ लाखांच्या वर भरले होते आणि मुद्दल कमी झालं होतं जेमतेम सव्वासात लाखांनी. ज्या हप्त्यांवरून आम्ही एकमेकांना ओरबाडत होतो, त्यातले बारा आणे व्याजातच गेले होते. तो आकडा ऐकून आम्ही कित्येक महिन्यांनी एकमेकांकडे नीट बघितलं. 'घराची आजची किंमत धरा, त्यातून उरलेलं कर्ज वजा करा. वाटायचं आहे ते एवढंच,' तुम्ही म्हणालात. मग माझ्याकडे वळलात. किराणा कोणाच्या पगारातून? पोरीची फी? सोसायटीचा मेंटेनन्स? एकेक ओळ माझ्या बाजूला चढत गेली. मी मधेच त्याला काही टोचून बोलले, तर मलाच दटावलंत, 'त्याचाही हिशोब मीच लिहितोय. थांब.'

आणि मग तो क्षण. बुकिंगच्या वेळी मी काय घातलं, हे विचारलंत. मी म्हटलं, थोडा पीएफ काढला आणि चार तोळे सोनं मोडलं. तुमचं पेन थांबलं. 'कोणाचं सोनं?' मी म्हटलं, 'आईच्या पाटल्या होत्या.' तुम्ही चष्मा सारखा केलात आणि रकान्यात तेच लिहिलंत, 'आईच्या पाटल्या'. पुढे मोडीचे आले होते तेवढे रुपये. 'सोने, ४ तोळे' लिहिलं असतं तरी हिशोब तोच झाला असता. पण त्या निळ्या आकड्यांच्या रांगेत माझी आई येऊन बसली, काका. मला 'तुझं काय त्यात' विचारणाऱ्या प्रत्येकाला त्या दोन शब्दांत उत्तर मिळालं.

त्याने ती ओळ वाचली. म्हणाला, 'हो, सराफाकडे मीच गेलो होतो हिच्याबरोबर.' त्यानंतर त्या पानावरच्या एकाही आकड्यावर वाद झाला नाही.

घर त्याने ठेवायचं, माझा वाटा मला द्यायचा, असं ठरलं. पुढचे कागद, सोसायटी, सिडको, सगळं झालं यथावकाश. पण एक गोष्ट तुम्ही मला जिन्यात थांबवून सांगितलीत, ती लिहिलीच पाहिजे. कर्जातून माझं नाव काढायला बँक तयार आहे असं लेखी मिळाल्याशिवाय हक्कसोडपत्रावर सही करायची नाही. कोर्टाचा कागद काहीही म्हणो, कर्जावर सही आहे तोवर बँक मलाही धरणार. त्याचा हप्ता चुकला तर माझाही सिबिल, म्हणजे कर्जफेडीची पत दाखवणारा स्कोअर, घसरणार. घर गेलेलं आणि कर्ज गळ्यात, अशी गत झाली असती. फी घेणाऱ्याने हे सांगितलं नव्हतं. तुम्ही चहासुद्धा आमच्याकडून घेतला नाहीत.

माणसं चांगली असतात, हे मी त्या काळात विसरून गेले होते. दोघांचं ऐकून घेणारा, कोणाचीच बाजू न घेता दोघांचीही लाज राखणारा माणूस दोन जिने वर राहत होता, आणि मी जगभर हिंडत होते.

आता आम्ही दोघी ठाण्यात भाड्याने राहतो. दिवाळीत पोरीला घेऊन येते. काकूंचा पोह्यांचा डबा अजून माझ्याकडेच आहे, तो आणते. वहीचं ते पान मात्र परत मागू नका.

तुमची,
दुसऱ्या मजल्यावरची