बुढ्याचं डबरं

अर्जुनी मोरगाव तालुका
२८ मे

प्रिय गड्या,

परवा तलावावर होतो, अन् सारखी तुझीच आठवण येत होती. घरी येऊन लगेच लिहायला बसणार होतो; पण तो दिवस मासोळ्या साफ करण्यात गेला आणि कालचा लग्नात.

छकुलीला या सुट्टीत गरी शिकायची होती. आपण दोघं पाळीवर बसून गांडुळावर बारकी मासोळी काढायचो, तेवढं मीही शिकवलं असतं. पण तिला डोंग्यात बसून आत जायचं होतं. म्हणून ढिवरटोलीतल्या काकांना गळ घातली. मच्छीमार सोसायटीनं हो म्हटलं. गरीनं धरा, जाळं नको, एवढंच. आदल्या रात्री बाबा अचानक म्हणाले, "मीपन येतो." गुडघे दुखतात, गेल्या पावसाळ्यापासून हात थरथरतो. मी नाही म्हणणार होतो. आईनं डोळ्यांनीच मला गप्प केलं.

अंधारातच निघालो. काकांनी दोन डोंगे शेजारी शेजारी बांधून ठेवले होते, त्यामुळे बाबांना नीट बसता आलं. पाणी इतकं उतरलंय की तुडुमाच्या, म्हणजे तलावातून शेताला पाणी सोडायच्या बांधकामाच्या, सगळ्या पायऱ्या उघड्या पडल्यात. काठाची बेशरम मात्र हिरवीगार. काकांनी पोरीला आधी गरी दिलीच नाही. अर्धा घंटा नुसतं पाहायला लावलं. मरळ तोंड वर काढून हवा घेते, ते दाखवलं. बुडबुड्यांची ओळ दिसली की खाली मृगळ गाळ उकरते आहे असं समजायचं. कतल्याचं तोंड वरच्या बाजूला वळलेलं, म्हणून ती वरवर चरते. रोहू मधल्या पाण्यात. पहाटेच का यायचं, हेही सांगितलं. रात्रभर पाण्यातल्या वनस्पती हवा ओढून घेतात, त्यात उन्हाळ्याच्या कोमट पाण्यात ती मुळातच कमी, म्हणून उजाडताना मासोळी वर येते. ऊन चढलं की खोल जागा धरते. पोरगी हलली की काका हळूच म्हणायचे, "हलू नोको व माय, पानी आयकते."

सूर्य वर आला तसे काका डोंगा आत घेत म्हणाले, "आता बुढ्याच्या डबऱ्यावर जाऊ. उनात मोठी मासोरी तेथंच उतरते."

बाबांनी विचारलं, "कोन्या बुढ्याच्या?"

"थे नाही माहीत. माहा बा तसाच म्हने."

बाबा मागे वळून तुडुमाकडे पाहत राहिले. मग पलीकडच्या मोठ्या मोहाकडे. काकांनी बांबू खाली सोडला. आतापर्यंत कमरेएवढं पाणी लागत होतं, इथे बांबू बुडाला लागेना. बाबा म्हणाले, "तुडूम पाठीशी, मोहा डाव्या हाताले. हे माह्या बापानं खोदलं."

गड्या, काकांच्या हातातला बांबू तसाच राहिला. बाबा लहान असताना एका उन्हाळ्यात तलाव पार आटला होता. आज्यानं मधल्या गाळात डांगरवाडी लावली होती आणि वेलांना पाणी द्यायला हा खड्डा खोदला होता. बाबा डोक्यावर टोपल्यानं माती वाहत होते. पाऊस आला, तलाव भरला, खड्डा पाण्याखाली गेला. आम्ही तो विसरलो, आणि ढिवरांनी एवढी वर्षं त्याचं नाव जपलं. मला यातलं काहीही माहीत नव्हतं. मला वाटायचं, बाबांना तलावाचं प्रेमच नाही.

मग ते थांबेचनात. पाळ तलाव बांधणाऱ्या कोहळी समाजानं कशी घातली, नवेगावचा बांध बांधणाऱ्या कोलू पाटलाची गोष्ट, १९५० च्या कायद्यानं मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, गेली अन् तलाव सरकारचे झाले, सगळं नातीला सांगत होते. काकाही मधे मधे भर घालत होते.

छकुलीच्या गरीला पहिली लागली ती वीतभर रोहू. काकांनी ती परत सोडायला लावली. सोसायटीनं तलावात सोडलेल्या बोटुकलीचं, म्हणजे बोटाएवढ्या पिलांचं, पीक ते, अजून वाढायचंय. ती रडवेली झाली, पण सोडली. एक मरळ मी घाईनं ओढली अन् तोडून गेली, त्याची हळहळ अजून आहे. बाबांना कणीक-ढेपेची गोळी गळाला लावता येत नव्हती. ती पोरीनं लावली. त्यांनी तिचं मनगट धरून ठेवलं. "टोचू दे. आनखी एकदा टोचू दे. आता!" दीडेक किलोची रोहू डोंग्यात आली तेव्हा दोघांचेही हात थरथरत होते.

नवाच्या आत परतलो. आईनं कैरीच्या फोडी टाकून रस्सा केला. काकांचा वाटा पोरगी स्वतः देऊन आली. संध्याकाळी बाबांनी तिच्या वहीत तलावाचं बूड काढून दिलं. डबरं, जुना पाट, एका खोडाची जागा. त्या खोडापाशी त्यांना खात्री नाही. तुझे बाबाही त्या डांगरवाडीत होते म्हणतात. त्यांना विचार, आणि मृग लागायच्या आधी त्यांना घेऊनच ये. एकदा पाणी चढलं की ती जागा सापडणार नाही. येताना नागपूरहून बारके गळ आण, इथे मोठेच मिळतात.

तुझाच,
गड्या